मागच्या सीटवरचा ब्रेक

मुलीला मुलगा पसंत, मुलाला मुलगी पसंत, आणि लग्न अडलं कुठे, तर एका विमानात. तेही खऱ्या विमानात नव्हे, पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहिलेल्या. हसू नका. ज्याचं अडलं होतं त्याला त्या रविवारी दरदरून घाम फुटला होता, आणि तो घाम अगदी खरा होता.

मुलगा म्हणजे आपला मास्तर. गाडी चालवायला शिकवायचा. शिकाऊ गाडीत मास्तरच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, ठाऊक आहे ना? त्या ब्रेकवर पाय ठेवून त्याने इतकी वर्षं काढली होती की पाय आता त्याचं ऐकेनासा झाला होता. सिनेमात गाडी जोरात वळली की याचा उजवा पाय समोरच्या खुर्चीच्या पाठीत. न्हाव्याचा वस्तरा जरा वेगाने गालावर आला की पाय फळीवर. बसमध्ये तर तो ड्रायव्हरच्या बरोबरीने थकून उतरायचा. त्याच्या हाताखाली शिकलेल्या कोणाला आजवर ओरखडा आला नाही याचा त्याला केवढा अभिमान. गाडी आपण थांबवली की मास्तरने, हे मात्र शिकणाऱ्याला कधी कळायचं नाही. पण त्याबद्दल कोण तक्रार करतो?

मुलगी म्हणजे गुलाबी. हे टोपणनाव. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची, आणि कवळीच्या हिरड्यांचा तो गुलाबी मसाला तिच्या बोटांवरून काही केल्या जायचा नाही. मास्तरकडेच गाडी शिकली, दोनदा परीक्षेत नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. तोवर दोघांचं जमलं होतं. नापास झाल्याचं दुःख दोघांनाही फारसं झालं नाही, कारण नापास म्हणजे आणखी महिनाभर शिकवणी.

राहता राहिली गुलाबीची आई. नोकरीभर तिने एका मोठ्या कापड दुकानात लिफ्ट चालवली. ताठ बसायची, कमी बोलायची, आणि तिच्याशिवाय गुलाबीला जगात कोणी नव्हतं. मास्तर एकदा नीट इस्त्रीचे कपडे घालून भेटायला गेला, पगार सांगितला, घर सांगितलं, प्रकृती ठणठणीत असल्याचं सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे ठीक आहे. पण तुम्ही लोक रविवारी कसला खेळ खेळता म्हणे. मला त्यात बसवा. त्यानंतर मी हो की नाही ते सांगेन." आणि गुलाबीने मास्तरला बजावून ठेवलं होतं की आई नाही म्हणाली तर मी आईला सोडून येणार नाही. झालं. मास्तर त्या दिवसापासून रविवार मोजायला लागला.

आता खेळाचं सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको. रविवारी दुपारी लॅब बंद असली की हे लोक तिथे जमायचे. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. आपला माणूस काय करतो ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. आकडा मोठा पडला तर जमलं, छोटा पडला तर बोंबला. फासे गुलाबीने स्वतः ओतले होते, हिरड्यांच्याच मसाल्याचे, आणि आकडे दाताच्या पांढऱ्या रंगाने भरले होते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, कोणाच्या तरी तोंडातून काहीतरी पडलं. टेबलावर निळ्या मेणाचे पत्रे अंथरले की समुद्र व्हायचा, आणि कोणाकोणाच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे मांडले की बेटं. दाढा म्हणजे टेकड्या, सुळे म्हणजे कडे. कापसाच्या गुंडाळ्या दोऱ्याने टांगल्या की ढग.

गोष्ट गुलाबी चालवायची. आणि नियम सांभाळायचा घड्याळजी. शेजारच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करायचा तो. खेळात त्याला राजा करा नाहीतर चोर करा, तो व्हायचा वकीलच. या मंडळींचा पहिल्यापासून एक नियम होता. गोष्टीत नवी वस्तू आली की तिचं कार्ड लिहायचं, आणि ज्याचा धंदा त्या वस्तूच्या जवळचा त्याने लिहायचं. खेळ सुरू झाला की कार्डातलं अक्षर हलवायचं नाही. लिहिलंय ते आहे, लिहिलं नाही ते नाही. मग कोणी कितीही नाक घासो.

त्या रविवारसाठी गुलाबीने लढाईच्या काळातली गोष्ट रचली. जपानचं एक छोटं बेट, त्यावर वैमानिक तयार करायची शाळा. लढाई शेवटाला आलेली, चांगली विमानं संपलेली, आणि हुकूम आलेला की आता शिकाऊ विमानंच पाठवा. जायचं, आदळायचं, परत यायचं नाही. शाळेतल्या एका अठरा वर्षांच्या पोराची पाळी उद्या आहे. त्याच्या मास्तरला ते बघवत नाही, म्हणून तो आणि विमानाचा मिस्त्री मिळून ठरवतात की पोराला पळवायचं. पलीकडच्या बेटावर दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरला हिवतापाच्या गोळ्या हव्या आहेत, आणि पोराला लपवायची त्याची तयारी आहे. विमान पोराला आणि गोळ्या घेऊन तिथवर पोचलं की जिंकले.

विमानाचं कार्ड कोणी लिहायचं? शिकाऊ विमान म्हटल्यावर मास्तरनेच. त्याने आठवडाभर जीव ओतून लिहिलं. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून ते मोठ्याने वाचलं.

"नाव, तांबडा चतुर. पावसाळ्यानंतर पाण्यावर घिरट्या घालतो त्या चतुरावरून. जपानी आरमाराचं शिकाऊ विमान. पंखांच्या दोन जोड्या, एकीवर एक. लाकूड आणि लोखंडाचा सांगाडा, वरून कापड. रंग भडक नारिंगी, लांबूनच कळावं की शिकाऊ येतोय, बाजूला व्हा. वेग, घाई असेल तर दुसरं विमान बघा. बंदूक, आहे म्हणायला आहे. सीट दोन, एकामागे एक, पुढे शिकणारा, मागे मास्तर. दोघांपुढे विमान वळवायचा एकेक दांडा. दोघांनी एकदम ओढला तर मास्तरचा फासा चालेल. बोलायची नळी एक. मास्तरने बोलायचं, शिकणाऱ्याने ऐकायचं. इंजिन चालू असताना पुढचं मागे ऐकू जाणार नाही. इंधन, दोघांना पलीकडच्या बेटापर्यंत, वळसे न घेता. हवाई छत्र्या दोन. ब्रेक, मागच्या सीटवर, उजव्या पायाशी. दाबला की विमान थांबेल. फासा लागणार नाही."

"छान आहे," आई म्हणाली. तेवढ्यावरच मास्तर फुलला.

आता विमानाला ब्रेक नसतात असं नाही. पण ते चाकांना, जमिनीवर. मास्तरच्या डोक्यातही तेच होतं. फक्त 'जमिनीवर' हे लिहायचं राहून गेलं. गाडी शिकवणाऱ्या माणसाला गाडी जमिनीवर असते हे वेगळं लिहावं लागतं, असं कुठे सुचायला?

आईने पर्स मांडीवर ठेवली आणि विचारलं, "यातलं मी कोण?"

"तुम्ही डॉक्टर व्हा काकू," मास्तर म्हणाला. "बसून असतो तो. सोपं आहे."

"मी तो पोरगा होते," आई म्हणाली.

मग मास्तर झाला मास्तर, आणि घड्याळजी मिस्त्री. दोन खुर्च्या एकामागे एक लावल्या. गुलाबीने नवी रबरी नळी आणली होती. एक टोक आईच्या कानाशी, दुसऱ्या टोकाला प्लॅस्टर ओतायचं नरसाळं, ते मास्तरच्या तोंडाशी. आईने बोलायचं ते गुलाबीला आणि फाशाला, मागे फक्त मान हलवायची. दातांच्या तारा वाकवून केलेलं, नारिंगी कापड ताणलेलं विमान गुलाबीने टेबलावर ठेवलं. ते एवढं गोजिरवाणं होतं की घड्याळजीसुद्धा क्षणभर नियम विसरला.

"मी उडते," आई म्हणाली आणि तिने फासा टाकला. सतरा.

आणि काय सांगू, त्या बाईच्या अंगात आलं. "दार बंद," ती म्हणाली. "वर चाललोय. पहिला मजला. दुसरा मजला. तिसरा, चादरी आणि पडदे. चौथा. पाचवा. अगं, थांबतच नाही हे, सहावा, गच्ची, गच्चीच्या वर." तिने विमान हातात धरून उंच केलं, खुर्चीतून अर्धी उठली, आणि तिचे गाल लाल झाले. एवढ्या मोठ्या आवाजात आई बोलू शकते हे गुलाबीलाही नवीन होतं.

"काकू, सावकाश," मास्तर नळीतून म्हणाला.

"मी कोलांटी मारते," आईने गुलाबीला सांगितलं.

"दांडा माझा," मास्तर म्हणाला. दोघांनी फासे टाकले, मास्तरचा चालला. विमान गुमान सरळ गेलं.

"मग मी त्या मासेमारी होडीवरून खाली जाते. त्यांना हात करते."

"दांडा माझा. होडीला वळसा घालू काकू. अंतर ठेवलेलं बरं."

"तो ढग. मला त्या ढगात जायचंय."

"ढगात पुढचं दिसत नाही. वळसा."

प्रत्येक वेळी आई मान जोरजोरात हलवायची, नाही, नाही. आणि मास्तरला वाटायचं, काकूंना भीती वाटतेय, बरं झालं मी मागे आहे. तो आणखी नेटाने दांडा ओढायचा. आपण किती जबाबदार आहोत हे काकूंना दिसतंय, लग्न ठरल्यात जमा आहे, असंच तो मनात धरून चालला होता. गुलाबी एका कागदावर पेन्सिलीने रेघा मारत होती. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं, अगदी केविलवाणं बघितलं. त्याला वाटलं प्रेमाने.

मग समोर आला तो जबडा. वरचा जबडा, मोठा, पुढच्या दोन दातांमध्ये चांगली रुंद फट. तो साचा घड्याळजीच्याच तोंडाचा होता, सगळ्यांना माहीत होतं, आणि तो त्यावर बोलायचा नाही. पलीकडे दवाखान्याचं बेट.

आईने फटीकडे बघितलं. विमानाच्या पंखांकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते लिफ्टमध्ये कोणी कधी बघितलं नसेल. "मी यातून जाते," ती म्हणाली, आणि विमान सरळ घड्याळजीच्या दातांच्या रोखाने सोडलं.

मास्तरने 'दांडा माझा' म्हणायला तोंड उघडलं, पण त्याआधी पाय धावला. उजवा पाय, जिवाच्या आकांताने खाली. आणि खाली काय होतं? कवळी घासायच्या मशीनचं पायडल. खुर्ची नेमकी तिथे सरकली होती. मशीन असं काही किंचाळलं, चाकावर साचलेली पांढरी पूड उडाली, कापसाचे ढग गरगरा फिरले, घड्याळजीचं भिंग चहात पडलं, आणि चौघंही पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी पांढरीफटक झाली.

मशीन थांबलं. घड्याळजीने भिंग चहातून काढलं, पुसलं, डोळ्याला लावलं.

"ब्रेक दाबला," तो म्हणाला.

"चुकून हो. तो चाकांचा ब्रेक आहे," मास्तर म्हणाला.

"कार्डात चाक हा शब्द नाही. 'दाबला की विमान थांबेल. फासा लागणार नाही.'"

"अहो, हवेत विमान थांबतं का कधी?"

"आता थांबलंय," घड्याळजी म्हणाला. "तुमच्याच कृपेने. समुद्रावर, माझ्या दातांसमोर, हवेत, जागच्या जागी."

गुलाबीने हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. मग टेबलावर डोकं ठेवून जी हसायला लागली ती थांबेना. घड्याळजी हसला, आणि फट दिसली म्हणून सगळी आणखी हसली. मास्तरही हसला, घाबरत घाबरत, आणि तेवढ्यात त्याचं आईकडे लक्ष गेलं. आई हसत नव्हती. तिने कानातली नळी काढली होती.

"इंजिन बंद आहे ना आता?" तिने विचारलं.

"थांबलं म्हणजे थांबलं," घड्याळजी म्हणाला.

"म्हणजे मला मागे बोलता येईल." आणि तिने खुर्ची फिरवली. आता पुढची सीट मागच्या सीटच्या समोरासमोर.

"मास्तर, मी एवढ्या लोकांना वरखाली नेलं, पण मला एकटीला रस्ता ओलांडता येत नाही. हिने सांगितलंय तुम्हाला?"

"नाही काकू."

"हिचे बाबा फार भला माणूस. लग्न झाल्या दिवसापासून रस्ता आला की माझं कोपर धरायचे. कधी सोडलं नाही. मी एकदा म्हटलं, सोडा हो, तर त्यांचा चेहरा असा उतरला की मी पुन्हा बोलले नाही. प्रेमाने धरलेलं होतं, भांडणार कशी? ते गेले. आता मी फूटपाथवर उभी राहते, कोणी ओळखीचं येईपर्यंत. कधी कधी तासभर. आणि मला त्यांचा राग येतो, आणि राग आला म्हणून रडू येतं."

 मास्तरच्या भुवईवरून पूड गळत होती.

"तुम्ही वाईट असता तर सोपं होतं," आई म्हणाली. "हिला सांगितलं असतं, सोड त्याला. तुम्ही चांगले आहात. म्हणून तर मला भीती वाटते. आणि आणखी एक सांगते. ही तुमच्याकडे गाडी शिकली नाही."

"आई, नको ना," गुलाबी म्हणाली.

"कळू दे त्याला. ही मैत्रिणीच्या गाडीवर शिकली, तुम्हाला न सांगता. त्या गाडीला ब्रेक एकच होता."

हे मास्तरला लागलं. फार लागलं. त्याने गुलाबीकडे बघितलं, आणि ती रडवेली होऊन म्हणाली, "तुला वाईट वाटलं असतं रे." आणि त्याला ऐकू आलं ते आईचं वाक्य, भांडणार कशी. कोणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं.

पण गुलाबी गोष्ट चालवणारी होती, आणि गोष्ट अर्ध्यावर टाकायची तिची रीत नव्हती. तिने डोळे पुसले, गालावर पुडीचे पट्टे उठले, आणि कागद पुढे केला. "गोष्टीतला पाय काढलास की इंजिन पुन्हा चालू होईल," ती म्हणाली. "पण ऐक. तू जेवढे वळसे घातलेस तेवढ्या मी रेघा मारल्या आहेत. त्यात इंधन गेलं. आता दोघांना दवाखान्यापर्यंत नेण्याइतकं उरलं नाही. एकाला पुरेल. नाहीतर मागे फिरून शाळेच्या मैदानावर उतरता येईल, तेवढं आहे. तू दांडा धरलास तर दोघंही सुखरूप उतराल."

"आणि मैदानावर उतरल्यावर पोराचं काय?"

"उद्या त्याची पाळी आहे. तुला माहीत आहे."

मास्तरने घाम पुसला. "मी विमान नेतो, काकूंनी छत्री घेऊन उडी मारायची, असं?"

"इथे खाली शाळेच्याच होड्या आहेत," गुलाबी म्हणाली. "पोरगा सापडेल. पळवायचं त्यालाच आहे."

त्याने पुन्हा गुलाबीकडे बघितलं, परीक्षेत मुलं त्याच्याकडे बघायची तसं. तिने मान खाली घातली. ती काही सांगणार नव्हती. आई नुसती बसली होती, मांडीवर पर्स, आणि पर्सचा खटका ती सारखी उघडत आणि मिटत होती. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की हो ऐकायची त्याला जेवढी घाई, तेवढीच हो म्हणायची तिलाही होती.

मास्तरने नरसाळं तोंडाशी नेलं, मग ते हसण्यासारखं वाटून खाली ठेवलं. "काकू," तो म्हणाला, "दांडा तुमचा. मी उतरतो."

"उतरतो म्हणजे? ही काय गाडी आहे?" घड्याळजी म्हणाला. "उडी मारतो म्हणा. फासा टाका."

त्याने टाकला. दोन. उडी म्हणजे नुसती फजिती. छत्री उघडली ती खालच्या जबड्याच्या दाढेत अडकली, आणि गोष्टीतला मास्तर दोन दाढांच्या मध्ये उलटा लोंबकळत राहिला, घास अडकतो तसा. पुन्हा सगळी हसायला लागली, आईसुद्धा. नियम असा की ज्याचा माणूस गोष्टीतून बाहेर, त्याने खुर्ची सोडून भिंतीजवळच्या बेसिनपाशी उभं राहायचं, तोंड बंद. मास्तर जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने शिकाऊ गाडी शिकणाऱ्याच्या एकट्याच्या हातात दिली होती. 

आईने खुर्ची सरळ केली. मागची खुर्ची रिकामी. तिने एकदा मागे वळून ती बघितली, मग पुढे बघितलं. "फटीतून," ती म्हणाली.

"बारा किंवा वर पडायला हवेत," गुलाबी म्हणाली.

आईने फासा असा फेकला की तो टेबलावर थांबलाच नाही. उडी मारून खाली, फरशीवरून टुणटुणत बेसिनकडे, आणि मास्तरच्या उजव्या बुटाला टेकून तिरका उभा. घड्याळजी गुडघ्यांवर रांगत आला. "टेकलेला फासा धरत नाही. आत्ता चौदा दिसतोय, पण बुटाच्या आधाराने. पाय काढा."

मास्तर खाली बघत राहिला. चौदा. पाय तसाच ठेवून घड्याळजीशी वाद घालायचा त्याला मोह झाला, खोटं कशाला सांगू? पाय काढला तर काय पडेल कोणास ठाऊक. मग त्याने श्वास घेतला आणि पाय उचलला. हवेत धरला, बगळ्यासारखा.

फासा कलंडला. पाच.

"पंख दाताला लागला," गुलाबी हळूच म्हणाली. "खालचा डावा. कापड फाटलं, सांगाडा मोडला, पंख गेला."

मास्तरने तोंडावर हात ठेवला. वाटलं, मी असतो तर. वाटलं, माझ्यामुळे. त्याने आईकडे बघायचं धाडस केलं, आणि बघतो तर आईच्या तोंडावरचं हसू गेलेलं नव्हतं.

"गेला तर गेला," आई म्हणाली. "तीन आहेत ना अजून? फटीतून आलो की नाही ते सांग."

"आलात," गुलाबी म्हणाली.

"मग झालं. आता उतरायचं मला माहीत आहे." तिने विमान दोन्ही हातांत धरलं, एका अंगाने कलतं, आणि डोळे बारीक केले. "पाचवा. चौथा. तिसरा, चादरी आणि पडदे. दुसरा. पहिला." दर मजल्याला आवाज सावकाश होत गेला. मग तिने फासा नुसता टेबलावर ठेवावा तसा सोडला. एकोणीस. "तळमजला," आई म्हणाली. "पायाखाली बघून उतरा." आणि ते मोडकं नारिंगी विमान दवाखान्याच्या दारात असं टेकलं की आतल्या औषधाच्या गोळीला गोळी लागली नसेल.

घड्याळजीने टाळ्या वाजवल्या. गुलाबी आईच्या गळ्यात पडली. मास्तर बेसिनपाशी एका पायावर उभा होता, आणि त्याला बोलायची परवानगी आहे हे सांगायचं सगळेच विसरले.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळी बाहेर पडली. घड्याळजी त्याच्या गाळ्याकडे वळला. लॅबसमोरच मोठा रस्ता, पलीकडे आईचा बसथांबा. सिग्नल नाही, गाड्यांची ये-जा चालूच. आई फूटपाथच्या कडेला थांबली, नेहमीसारखी. मास्तरचा हात आपोआप तिच्या कोपराकडे गेला. अर्ध्यावर पोचला असेल, तेवढ्यात त्याने तो मागे घेतला, कुठे ठेवावा कळेना, म्हणून खिशात कोंबला.

आईने ते बघितलं.  तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे बघितलं, पर्स छातीशी धरली आणि पाऊल टाकलं. एक मोटार कर्कश वाजली. मास्तरचा उजवा पाय फूटपाथवर असा दाबला गेला की पोटरीत गोळा आला. मोटार थांबली. आईने लिफ्टमध्ये करायची तसा तिला हात केला, थांबा म्हणून, आणि चालत राहिली. सावकाश, ताठ, भर रस्त्यातून, केसांत पांढरी पूड घेऊन. पलीकडचा फूटपाथ आला. ती वर चढली, वळली, आणि तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता.

"अरे मास्तर," ती रस्त्यापलीकडून ओरडली, "बघतोस काय, ये इकडे. आणि लग्न कधी करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मला नुसता दिवस कळवा, मी माझी माझी येईन."

गुलाबी निघालीसुद्धा. मास्तर तिच्यामागून निघाला, हात खिशात घट्ट दाबून, तिला जराही धरायचं नाही असं मनाशी ठरवून. रस्त्याच्या मध्यावर गुलाबीने मागे बघितलं, थांबली, आणि तिनेच त्याचं कोपर धरलं, कारण त्याचे पाय लटपटत होते.